संत्र्याचा बगीचा आणि अमेरिकेतील डॉक्टरकी

प्रश्न : मी वरुड तालुक्यातील (जि. अमरावती) शेतकरी आहे. चार एकर संत्र्याचा वडिलोपार्जित बगीचा माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे. भाऊ पंचवीस वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीत असून आता तेथील नागरिक आहे. त्याची मुलगी तिथेच जन्मली, अर्थशास्त्रात बी.ए. झाली आणि दोन वर्षांपासून एका विमा कंपनीत नोकरी करते. आता चोविसाव्या वर्षी तिला डॉक्टर व्हायचे आहे. गेल्या वर्षी तिची आजी अमरावतीला दवाखान्यात अकरा दिवस भरती होती, तेव्हा ती सुटी काढून आली आणि अकराही रात्री खाटेजवळ बसली. दोनशे पानी वहीत तिने तापाचे आकडे, लघवीचे माप आणि औषधांच्या वेळा मोडक्यातोडक्या मराठीत लिहून ठेवल्या होत्या. जाताना म्हणाली, “मोठे बाबा, मला हेच काम करायचे आहे.” तिकडे पदवीनंतर ‘पोस्ट-बॅकलॉरिएट प्रीमेडिकल’ नावाचा अभ्यासक्रम करावा लागतो म्हणतात. एका खासगी कॉलेजात फी, राहणे आणि जेवण मिळून ६०,००० डॉलर, म्हणजे आपले पन्नास लाखांच्या वर खर्च आहे, आणि भाऊ त्याच्या हिश्शाचा बगीचा विकायचे म्हणतो. पदवी झाल्यावर पुन्हा बारावीचे रसायनशास्त्र शिकायला एवढा पैसा लागतो, हे खरे आहे काय? की ही फसवणूक आहे? त्यापेक्षा तिला इकडेच एम.बी.बी.एस.ला घातले तर?

उत्तर : फसवणूक नाही. असा अभ्यासक्रम अमेरिकेत खरोखर असतो, अनेक नामांकित कॉलेजे तो चालवतात आणि त्यातून गेलेले पुष्कळ जण आज डॉक्टर आहेत. मात्र तो प्रत्येकासाठी पन्नास लाखांच्या मोलाचा असतो असे नाही, आणि तुमच्या पुतणीसाठी तो तेवढ्या मोलाचा आहे की नाही, हे आज, तिने विज्ञानाचा एकही पेपर दिलेला नसताना, कोणालाच सांगता येणार नाही. माझा सल्ला या एका मुद्द्यावर उभा आहे.

आधी तिकडची व्यवस्था समजून घेऊ. काही मोजके एकत्रित अभ्यासक्रम सोडले तर अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ती कोणत्याही विषयातली चालते, अगदी अर्थशास्त्रातलीही. पण सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह साधारण एकेक वर्ष आणि त्यावर बहुतेक ठिकाणी जीवरसायनशास्त्रही कॉलेजच्या पातळीवर केलेले असावे लागते. त्यानंतर एमकॅट ही साडेसात तासांची परीक्षा असते, जिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात दिले जातात. ज्यांनी पदवीच्या काळात विज्ञान घेतलेच नाही, त्यांना हे विषय नंतर पुरे करून देणारी सोय म्हणजे पोस्ट-बॅक. त्यातून नवी पदवी मिळत नाही आणि वैद्यकीय महाविद्यालयातील जागाही मिळत नाही. मिळतात ते विषय, त्या विषयांतले गुण, मार्गदर्शन आणि शेवटी कॉलेजच्या समितीचे शिफारसपत्र.

याच नावाखाली दुसराही एक प्रकार चालतो, आणि घरच्यांचा गोंधळ बहुधा तिथेच होतो. ज्यांनी विज्ञान घेतले होते पण गुण कमी पडले, त्यांच्यासाठी गुण सुधारण्याचे वेगळे अभ्यासक्रम असतात. तुमच्या पुतणीला तो प्रकार नको आहे. तिची विज्ञानाची पाटी कोरी आहे, आणि हिशेब करून पाहिला की त्या कोरेपणाचा तिला फायदाच दिसतो.

तिकडे गुणांची सरासरी चारपैकी काढतात. बी.ए.ला तिची सरासरी किती होती हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून उदाहरणादाखल ३.३ धरतो. पदवी १२० श्रेयांकांची असते. त्यात विज्ञानाचे ३६ श्रेयांक जोडले आणि त्या प्रत्येकात तिने पूर्ण चार मिळवले, तरी एकूण सरासरी जाते फक्त ३.४६ पर्यंत. जुने गुण पुसले जात नाहीत. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडच्या वर्षांत ३.८ च्या आसपास आणि एमकॅटचे गुण ५१२ च्या आसपास राहिले आहेत. म्हणजे केवळ एकूण सरासरीच्या जोरावर ती कधीच वर दिसणार नाही. पण अर्जात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी दाखवली जाते. अर्थशास्त्राच्या निमित्ताने घेतलेले गणित आणि संख्याशास्त्र तेवढे त्यात धरले जाईल. बाकी सगळा आकडा ती आता जे शिकेल त्यावरच ठरेल. तो उत्तम आला तर ३.३ ची पदवीही चालून जाते. तो मध्यम आला, तर साठ हजार डॉलरच्या कॉलेजचे नावही उपयोगी पडत नाही. पहिले काम म्हणून तिच्या बी.ए.ची खरी सरासरी मागवा आणि हाच हिशेब तिच्या आकड्याने पुन्हा मांडा.

मी बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीनंतर पुढच्या बाकांवरचेही काही चेहरे उतरलेले मी दरवर्षी पाहिले, आणि त्या मुलांमध्ये आळशी फार थोडी होती. पुतणीची ती वही मला मोलाची वाटते. आजारी माणसाजवळ रात्र काढणे, न कंटाळता मापे लिहिणे आणि लाज न बाळगता परक्या लिपीत लिहिणे, हे गुण शिकवून येत नाहीत. पण त्या वहीवरून ती बेन्झिनचे वलय काढत टेबलाशी किती तास बसू शकेल, हे कळत नाही. त्याची परीक्षा वेगळी आहे आणि ती स्वस्तात घेता येते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीला रटगर्ससारख्या राज्य विद्यापीठात राज्यातील रहिवाशाच्या दराने, नवी पदवी न घेता, फक्त हवे ते विषय घेता येतात. एका सत्रात सामान्य रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, दोन्ही प्रयोगशाळेसह. जमल्यास नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गात. खर्च खासगी अभ्यासक्रमाच्या एका लहानशा अंशाएवढा येतो. सत्राअखेर दोन्ही विषयांत वरची श्रेणी आली तर पुढचे पाऊल टाकायला आधार मिळाला. ‘बी’ आणि ‘सी’ आल्या तर पन्नास लाख वाचले आणि मुलीची दोन वर्षेही वाचली. या मार्गाच्या अडचणीही सांगतो, कारण खासगी कॉलेजवाले त्या सांगतीलच. विद्यापीठाच्या नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी आधी होते, त्यामुळे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा उरेलच असे नाही. समितीचे शिफारसपत्र नसते, प्राध्यापकांकडून वेगवेगळी पत्रे मिळवावी लागतात. सांगणारे, बजावणारे कोणी नसते. जी मुलगी अकरा रात्री स्वतःहून वही ठेवते, तिला शेवटच्या अडचणीची चिंता कमी असावी, असे मला वाटते.

तुमच्या भावाकडे याविरुद्ध एक चांगला युक्तिवाद असेल, आणि तो ऐकण्यासारखा आहे. नोकरी सांभाळून हे विषय करायला दोन-तीन वर्षे जातात. पूर्णवेळ अभ्यासक्रम एक ते दीड-दोन वर्षांत आटोपतो. डॉक्टरचे एक वर्ष उशिरा सुरू झाले, तर त्या एका वर्षाची कमाई साठ हजार डॉलरहून कितीतरी जास्त असते. मग फी वाचवून काय साधले? हा हिशेब बरोबर आहे, मात्र जो शेवटपर्यंत पोहोचतो त्याच्यापुरताच. २०२४ च्या प्रवेशासाठी अमेरिकेत सुमारे ५२,००० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३,००० जणांना जागा मिळाली, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यातही अर्ज करण्याआधीच जे गळाले ते या आकड्यात येतच नाहीत. शिवाय अभ्यासक्रम संपल्या दिवशी महाविद्यालय सुरू होत नाही. जूनच्या सुमारास केलेल्या अर्जावर प्रवेश मिळतो तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्यामुळे मध्ये एक वर्ष बहुधा रिकामे जाते. ती सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी महाविद्यालयात जाईल, चार वर्षे शिकेल आणि त्यानंतर किमान तीन वर्षे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण, जिला पगार असतो. स्वतंत्र डॉक्टर म्हणून ती उभी राहील तेव्हा निदान तेहतीस-चौतीस वर्षांची असेल. कलम लावून पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत फळाची वाट पाहणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला या आकड्याची भीती वाटू नये. पण तो आकडा भावाच्या आणि मुलीच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकून घ्या.

काही खासगी अभ्यासक्रमांचे ठरावीक वैद्यकीय महाविद्यालयांशी करार असतात. अमुक सरासरी राखली आणि अमुक एमकॅट गुण आणले तर मधले रिकामे वर्ष न जाता प्रवेश, असा तो सशर्त करार असतो. पुतणीला मिळालेल्या कॉलेजचा असा करार असेल आणि गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी त्या वाटेने गेले याचा आकडा ते देत असतील, तर त्या जास्तीच्या पैशाला अर्थ आहे. नुसते “आमच्या ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो” हे वाक्य मात्र उलटून पाहावे लागते. हे टक्के कोणाचे? पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्यांचे, की शेवटी समितीने शिफारसपत्र दिलेल्यांचे? मधेच गळालेले आणि पत्र नाकारलेले आकड्यातून वगळले की कोणत्याही वर्गाचा निकाल चांगला दिसतो. आमच्याकडेही शंभर टक्के निकालाचा फलक लावण्यासाठी कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, तसेच हे. पुतणीने कॉलेजला ई-मेल करून विचारावे : तीन वर्षांपूर्वी किती जण आले, त्यांपैकी किती जणांनी पूर्ण केले, किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना पहिल्याच वर्षी जागा मिळाली? हे चार आकडे न देणाऱ्या कॉलेजला एक गुंठाही विकू नये.

पैशाची आणखी एक बाजू आहे आणि ती नवी आहे. खरा मोठा खर्च पोस्ट-बॅकचा नसून त्यानंतरच्या चार वर्षांचा असतो. कर्ज घेऊन शिकलेले तिथले डॉक्टर बाहेर पडतात तेव्हा सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज त्यांच्या डोक्यावर असते. आतापर्यंत ‘ग्रॅड प्लस’ नावाच्या सरकारी योजनेतून कॉलेजच्या पूर्ण खर्चाएवढे कर्ज मिळत असे. २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ती योजना बंद होऊन वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर इतकी ठरली आहे. बऱ्याच महाविद्यालयांचा वर्षाचा खर्च याहून जास्त असतो. जे पन्नास लाख आज तयारीवर उधळले जातील, त्यांची गरज तीन वर्षांनी, प्रवेश हातात आल्यावर, कितीतरी जास्त भासेल.

आता बगीचा. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार (फेमा) परदेशात स्थायिक झालेल्या तुमच्या भावाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ती विकताही येते आणि पैसा एन.आर.ओ. (अनिवासींच्या भारतातील) खात्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. पण शेतजमीन किंवा बागायत त्याला पुन्हा विकत घेता येत नाही. म्हणजे ही विक्री एकाच दिशेची आहे. मुलीचा विचार दुसऱ्या सत्रात बदलला तरी बगीचा परत येणार नाही. शिकवणीचा पैसा कर्जाने, बचतीने किंवा पगाराने उभा करता येतो. जमीन अशी परत उभी करता येत नाही. म्हणून पहिल्या सत्राच्या आधी विक्रीचा विषय तलाठ्यापर्यंत जाऊच देऊ नका. तुम्हाला मोठे बाबा म्हणून हातभार लावायचा असेल, तर आंबिया बहाराचा माल व्यापाऱ्याला दिल्यावर एका सत्राच्या फीपुरती रक्कम बँकेमार्फत पाठवा; निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत अशी रक्कम पाठवता येते. आणि पुढे खरोखर विकण्याची वेळ आलीच, तर भावाचा हिस्सा घ्यायला पहिला हक्काचा माणूस म्हणून तुम्ही स्वतः तयार आहात काय, हे घरात आताच बोलून ठेवा. पत्रातील ओळींमधून मला तुमची खरी घालमेल तिथेच दिसली.

राहिला इकडच्या एम.बी.बी.एस.चा प्रश्न. तो मार्ग तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. तिला बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र दाखवावे लागेल, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, आणि केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवरच दावा सांगता येतो. ज्यांना त्या तारखेआधी कार्ड मिळाले होते, त्यांचे जुने हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवले, म्हणून तिच्या कार्डावरची तारीख पाहून घ्या. पण साडेपाच वर्षे इथे शिकूनही तिला राहायचे आहे अमेरिकेतच. त्यासाठी तिथल्या परवाना परीक्षा द्याव्या लागतील आणि रेसिडेन्सीच्या जागेसाठी झगडावे लागेल, ज्यात परदेशात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना दरवर्षी जागा मिळत नाही. मुलगी तिथली, रुग्ण तिथले, तर शिक्षणही तिथेच घेणे शहाणपणाचे.

प्रश्न : सर, मी घाटंजी तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहते. २०२१ मध्ये बारावी झाले. त्या वर्षी मंडळाची परीक्षाच रद्द झाली होती आणि बारावीचे अख्खे वर्ष घरच्या एका मोबाईलवर, गावाबाहेरच्या टेकडीवर रेंज शोधत गेले. नीटमध्ये २०२१ ला १९८ आणि २०२२ ला २७१ गुण आले. त्यात भौतिकशास्त्राचे फक्त ३४ होते. मग वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, २०२५ मध्ये पहिल्या श्रेणीत पास झाले. आता नागपूरच्या एका क्लासचा माणूस घरी येऊन गेला. फी १,४०,००० रुपये, होस्टेल आणि मेस महिन्याला ८,५०० रुपये. तो म्हणतो, पदवीधरांची वेगळी बॅच आहे आणि बी.एस्सी. असल्यामुळे पुढे मेडिकलच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. सहा एकर कोरडवाहू आहे. बाबा म्हणतात, पऱ्हाटी निघाल्यावर भरू. माझे वय गेले आहे काय? कृपया मला अहो-जाहो करू नका.

उत्तर : बरे, तर तूच म्हणतो. वय गेलेले नाही. नीटला पूर्वी पंचवीस वर्षांची वरची मर्यादा होती, ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्च २०२२ मध्ये काढून टाकली, आणि कितीदा परीक्षा द्यावी यालाही बंधन नाही. पण त्या माणसाने सांगितलेली दुसरी गोष्ट धादांत खोटी आहे. बी.एस्सी.च्या जोरावर एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश देणारा कोणताही नियम भारतात नाही. तुझे बी.एस्सी.चे गुण नीटच्या गुणवत्ता यादीत एका गुणाचीही भर घालत नाहीत. वरच्या पत्रातील मुलीसारखा पदवीनंतरचा जोडरस्ता आपल्याकडे नाही. तू बारावीच्या मुलांच्याच रांगेत, त्याच प्रश्नपत्रिकेसमोर उभी राहशील. परदेशातले दोन-तीन वर्षांत आटोपणारे एम.बी.बी.एस.ही इथे चालत नाही. किमान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि वर ती इंटर्नशिप लागते, आणि नीटही चुकत नाही. जो माणूस घरी येऊन एवढे मोठे खोटे बोलतो, त्याच्या क्लासला फी देऊ नकोस, मग त्याची बॅच कितीही चांगली असो.

आता तुझ्यात कमी काय आहे ते पाहू. नीट १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची असते. जीवशास्त्राचे ९०, रसायनशास्त्राचे ४५ आणि भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न. १८० पैकी ३४ गुणांवर तू भौतिकशास्त्रात थांबलीस आणि त्यानंतर तीन वर्षे तो विषय तुझ्या हातात नव्हता. जीवशास्त्रात तुझे ज्ञान वाढले आहे, पण नीटला एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावी-बारावीच्या पुस्तकातील नेमकी ओळ लागते, आणि बी.एस्सी.ची सवय लागलेल्या मुलांचे गुण उलट तिथे जातात, कारण त्यांना प्रत्येक विधानाला अपवाद आठवतो. (मी रसायनशास्त्राचा शिक्षक, मलाही त्या पर्यायांमध्ये अपवादच आधी दिसतात.) सगळा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. तो विषय तुला येत नाही, की टेकडीवरच्या रेंजमध्ये तो तुला कधी नीट शिकवलाच गेला नाही? या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि फी व दहा महिन्यांचे होस्टेल-मेस मिळून २,२५,००० रुपये भरण्याआधी ते तुला घरी बसून शोधता येते.

एन.सी.ई.आर.टी.ची भौतिकशास्त्राची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळतात. दहा आठवडे रोज तीन तास फक्त भौतिकशास्त्र कर : गती, बल, कार्य आणि ऊर्जा, मग स्थिरविद्युत आणि विद्युतधारा. तालुक्याच्या कॉलेजातील भौतिकशास्त्राच्या एखाद्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास माग. मला अजून असा शिक्षक भेटलेला नाही, ज्याने वही घेऊन आलेल्या मुलीला हाकलले. त्यानंतर गेल्या वर्षांतील दोन पूर्ण प्रश्नपत्रिका सकाळी घड्याळ लावून, तीन तासांत, ऋण गुणांसह सोडव. भौतिकशास्त्रात ८० च्या पुढे गेलीस, तर एक वर्ष देण्यासारखे आहे, आणि मग क्लास हवाच असेल तर विद्यार्थ्यांना भेटून, फीचे हप्ते ठरवून निवड. ५० च्या खालीच राहिलीस, तर क्लास ते दहा महिन्यांत बदलेल असे मला वाटत नाही. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, नियम नव्हेत.

गुणांची तुलना वर्षावर्षांत करू नकोस. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. क्लासवाला “यंदा ६०० लागतील” म्हणाला, तर त्याला अखिल भारतीय क्रमांक विचार. आणखी एक : विदर्भाच्या मुलांना विदर्भातल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा राखीव असायच्या, असे तुला कोणी सांगत असेल तर ते जुने आहे. ७०:३० ची ती पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली; आता राज्याच्या कोट्यात लातूर, नांदेडची मुले तुझ्याच यादीत असतात. त्याच्या बदल्यात विदर्भातल्या जागा मात्र वाढल्या आहेत. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया या जुन्या शासकीय महाविद्यालयांखेरीज २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोली येथे नवी सुरू झाली. आठ लाखांहून कमी उत्पन्नाच्या घरातील इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, म्हणून जागा मिळाली तर फीची काळजी बाबांना करू देऊ नकोस. मात्र दाखले आताच काढ. तहसीलला जून-जुलैत काय गर्दी असते ते तुला ठाऊक आहे.

नीटच्या याच गुणांवर बी.ए.एम.एस.ही मिळते, आणि बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. करून तालुक्याच्या प्रयोगशाळेत वर्षभरात कामाला लागलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत. पण तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून त्यावर आज अधिक लिहीत नाही. ते दोन पेपर सोडवून झाले की भौतिकशास्त्राचे गुण तेवढे एका कार्डावर कळव. जीवशास्त्राचे नकोत.